कॉल्ड ऑफ!

लातूर पॅटर्नमध्ये वाढलेली मी. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं, आमची बॅच त्यातलीच. पॅसिव्ह व्हॉइस तर झोपेतही जमायचा. नांदेडला मास कॉम केलं, पुण्यात पहिली असाइनमेंट मिळाली. सकाळीच एडिटरचा फोन, ‘इंटरव्ह्यू इज कॉल्ड ऑफ.’ मी ‘ओके सर’ म्हटलं आणि मोबाइल चार्जिंगला लावून बसले. कॉल येणार ना! रात्री आठपर्यंत जेवलेही नाही.

‘अगं, रद्द झाला तो!’ कॉन्व्हेंटवाली रूममेट हसून लोळली. मला रडू आलं. ‘कॉल’ माहीत, ‘ऑफ’ माहीत, पण दोघं भेटले की तिसरंच काहीतरी!

आईला फोन केला. ती म्हणाली, ‘सोडून दे, विसरून जा.’ आणि ट्यूब पेटली. यात कोण काय देतंय, कुठे जातंय? ‘करून टाक’ म्हणतो तेव्हा तरी काय टाकतो? आपण क्रियापदाला दुसरं क्रियापद जोडतो, ते अप, ऑफ, आउट जोडतात. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं. ‘पुट अप विथ’ म्हणजे चालवून घेणं (हे आम्हा मराठवाड्यातल्यांना शिकवावं लागत नाही!).

परवा एका ऑफिसातून विचारलं, ‘कॅन यू फिल इन फॉर अवर रिपोर्टर?’

मी सरळ विचारलं, ‘फॉर्म भरायचाय का, सर?’

ते हसले. रजेवरच्या रिपोर्टरच्या जागी काम करायचं होतं. सोमवारपासून जातेय.