पाटी, पाकिटे आणि पहाट

आमच्या घरी पूर्वापार एक रीत आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी दगडी पाटी टांगलेली असते. दूध किती घेतले, आज कोणाचा उपवास आहे, आमटीत मीठ घातले की नाही, हे जी ते काम करील तिने पाटीवर लिहावयाचे. गिरगावातील बिऱ्हाड मोडून आम्ही भाईंदरास राहावयास आलो तेव्हा पुष्कळ सामान वाटून टाकले. पाटी मात्र बरोबर आणली. एकत्र कुटुंबात मीठ दोनदा पडत नाही ते प्रेमामुळे नव्हे, पाटीमुळे, असे आमच्या मातोश्रींचे ठाम मत आहे.

गेल्या पावसाळ्यात त्याच मातोश्रींच्या बाबतीत मीठ दोनदा पडले. त्यांचे वय ७८. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना रक्त गोठू न देणारी वॉर्फरिनची गोळी दिलेली. पुढे गुडघे दुखू लागले, तेव्हा आम्ही त्यांना अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेले. बाहेर मुसळधार पाऊस. कागद भिजतील म्हणून फाईल घरीच ठेवली. डॉक्टरांनी विचारले, "आजी, आणखी काही औषधे चालू आहेत का?" मातोश्री म्हणाल्या, "आहे हो एक लहानशी गोळी, हृदयाची." आम्ही शेजारी बसून मान डोलाविली. त्यांना वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. दोन्ही डॉक्टर विद्वान, दोन्ही औषधे आपापल्या जागी योग्य. परंतु ती एकत्र आली म्हणजे पोटात रक्तस्राव होण्याचा धोका फार वाढतो. नवव्या दिवशी मातोश्रींना काळी शौचास झाली आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यातच त्या घेरी येऊन खाली बसल्या.

रुग्णालयात दाखल केल्यावर एका तरुण परिचारिकेने आमच्या वहिनींस सांगितले, "आजींच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणा. यादी नको, पाकिटे." ती तिने खाटेवर मांडली, मोबाईलवर छायाचित्र घेतले आणि वॉर्डातील डॉक्टरांच्या समूहात पाठविले. दहा मिनिटांच्या आत फिजिशियन, बोरिवलीस आपल्या दवाखान्यात बसलेले हृदयरोगतज्ज्ञ आणि रुग्णालयातील औषधनिर्माता असे तिघेजण एकाच चित्राकडे पाहून बोलू लागले. दोन्ही गोळ्या तत्काळ बंद झाल्या आणि उतारा म्हणून जीवनसत्त्व 'के' देण्यात आले. त्या लहानशा यंत्राला आम्ही मनोमन नमस्कार केला.

परंतु कथा येथेच संपली असती तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. त्याच रात्री अकरा वाजता हिमोग्लोबिन आणखी उतरल्याचा अहवाल समूहात येऊन पडला. सर्वांनी तो पाहिला. पाहिल्याच्या निळ्या खुणाही उमटल्या. धाकट्या डॉक्टरांना वाटले, मोठे डॉक्टर सांगतील. मोठ्यांना वाटले, धाकटे तेथेच आहेत. तोच अहवाल आमच्याही मोबाईलवर आला होता. आम्हीही तो पाहिला, डॉक्टरमंडळींनी पाहिलाच असेल असे म्हणून बाकावर अंग टाकले. पहाटे चारला परिचारिकेने मातोश्रींची नाडी पाहिली आणि सरळ दूरध्वनी लावला. तिचे शब्द आमच्या कानांत अजून आहेत. "सर, रिपोर्ट सगळ्यांनी पाहिलाय. रक्त चढवायचं का, ते कोण सांगणार?" पाच वाजता रक्ताची पहिली पिशवी लागली.

मातोश्री सुखरूप घरी आल्या. त्यानंतर आम्ही या विषयावर थोडे वाचन केले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची एक सूची तयार केली. त्यातील एक कलम असे की, चीर देण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे. दिल्लीसह जगातील आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. तो एक साधा कागद होता. पण कोणी काय करावयाचे हे तो उघड बोलावयास लावीत होता.

आपल्याकडेही साधने आली आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनीमुळे लहान आरोग्यकेंद्रातील डॉक्टर दूरच्या तज्ज्ञाशी रुग्णासमक्ष बोलू शकतो. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येकास १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो, आणि आपण संमती दिली म्हणजे एका रुग्णालयातील कागद दुसऱ्या रुग्णालयातील डॉक्टरास पाहता येतात. चारचौघांच्या खाजगी मोबाईलवर रुग्णाची कागदपत्रे फिरण्यापेक्षा हा मार्ग खचित बरा. भाईंदर पश्चिमेस टेंभा येथील पंडित भीमसेन जोशी रुग्णालयाकडे कागदांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून जाणारी वृद्ध माणसे आम्ही पाहतो, तेव्हा वाटते की त्या पिशवीचा भार उतरलाच पाहिजे. मात्र त्या क्रमांकाच्या पलीकडे कोणीतरी "हे मी करतो" म्हणणारे हवे, आणि अलीकडे "हृदयाची गोळी म्हणजे वॉर्फरिन" असे स्पष्ट सांगणारे घरचे माणूस हवे. आम्ही त्या दिवशी नुसती मान डोलाविली, ही आमची चूक आम्ही कोणाच्या माथी मारणार?

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मातोश्रींनी पाटी मागून घेतली. सकाळ-संध्याकाळच्या औषधांचे रकाने आखले आणि सूनबाईंस म्हणाल्या, "नुसती खूण नको गं. जिने दिली तिने आपले नाव लिहायचे." त्यांचा आभा क्रमांक आम्ही पाटीच्या लाकडी चौकटीवर रंगाने लिहून ठेविला आहे. फाईल आता मेणकापडाच्या पिशवीत, दाराशी छत्रीच्या खुंटीलाच टांगलेली असते.