पिंपे आणि माणसे

चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी आम्ही बरीच वर्षे वर्गात शिकवली. १९५८ साल, वसाहतवाद, इग्बो समाजाची पडझड, एवढे सांगून झाले की आमचा नायजेरिया संपत असे. त्याच १९५८ साली त्या देशातून खनिज तेलाची पहिली निर्यात झाली, हे आम्हांला फार उशिरा कळले. आपण अर्धाच देश शिकवत आलो, असे वाटून ओशाळलोही.

कादंबरीतल्या ओकोंक्वोची श्रीमंती कोठारातल्या यामवरून, म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातल्या कंदावरून, मोजली जाते. त्या कंदासाठी साऱ्या घराला राबावे लागते. तेल मात्र थोड्याच हातांनी निघते आणि त्याचा पैसा सरकारी तिजोरीत जमतो. मग उरते ते वाटणीचे राजकारण. आधी संसदेतल्या जागा आणि पुढे तेलाचा पैसा, दोन्हींच्या वाटणीत लोकसंख्येला वजन. त्यामुळे माणसांचा आकडाच भांडणाचा विषय झाला. १९६२ची जनगणना बाजूला सारून १९६३मध्ये पुन्हा मोजणी झाली. १९७३ची रद्द झाली. २००६मध्ये १४ कोटी माणसे मोजली गेली. पुढचे सगळे अंदाज. स्वातंत्र्याच्या वेळी, १९६०मध्ये, सुमारे साडेचार कोटी असलेली लोकसंख्या आज २२ कोटींच्या पुढे गेल्याचे मानतात.

२०१४मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचे आधारवर्ष बदलले. मोबाइल सेवा, 'नॉलिवूड'चे चित्रपट यांची नीट दखल घेतली गेली, आकडा सुमारे ८९ टक्क्यांनी फुगला आणि नायजेरिया आफ्रिकेतली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरला. त्या दिवशी कोणाच्या ताटात एक घासही वाढला नव्हता. दोनच वर्षांनी, तेलाचे भाव कोसळल्यावर, मंदी आली. पुढे अर्थव्यवस्था सावरू लागली, पण लोकसंख्येच्या वेगाने नव्हे. दरडोई उत्पन्न घसरतच राहिले. देश वाढला आणि माणसाचा वाटा आटला, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी होती.

हे लिहिताना आम्ही कोणत्या उंचवट्यावर उभे नाही. आपलीही २०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही. अचेबे यांनी बाहेरच्यांच्या नोंदींत न मावलेल्या माणसांना नावे, घरे आणि म्हणी दिल्या. यापुढे ती कादंबरी शिकवताना आम्ही फळ्यावर १९५८ लिहू आणि त्याखाली तेलाची गोष्टही सांगू. ओकोंक्वोच्या पणतवंडांची मोजणी अजून व्हायची आहे, हे विद्यार्थ्यांना कळले पाहिजे.