डी वर्ग भागिले १६२

जालन्यात सळईचं कोणाला नवल नाही. औद्योगिक वसाहतीत भट्ट्या धगधगतात, लांबच लांब सळया लादलेले ट्रक मागे लाल फडकं बांधून निघतात. पण नवीन जालन्यातल्या आमच्या घरात सात वर्षांचा भाचा दात घासायच्या आधी 'आठ, दहा, बारा, सोळा, वीस, पंचवीस एमएम' अशी उजळणी सुरू करतो, तेव्हा पाहुणे एकमेकांकडे बघतात.

व्यासाचा वर्ग करून १६२ने भागलं की एका मीटरचं वजन किलोत निघतं, हे त्याला एका गवंड्याने गमतीत सांगितलं. बारा एमएमची बारा मीटर सळई, १०.६७ किलो. तोंडपाठ! शेजारच्या पोराचं नाव मात्र त्याला अजून सांगता येत नाही.

व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ साली अशाच मुलांबद्दल लिहिलं होतं. आवडीच्या विषयावर ती प्राध्यापकासारखी बोलत सुटतात, हे त्यांनी टिपलं. २०१३ साली अमेरिकी मनोविकार नियमावलीने त्यांच्या नावाचं वेगळं निदान काढून स्वमग्नतेत मिळवलं. असो. निदानाचं नाव काहीही असलं, तरी पोराला जेवायला उठवायचं कसं, हे घरच्यांनाच बघावं लागतं.

आजीचा उपाय सरळ होता: त्याने जाडीप्रमाणे लावून ठेवलेले तारेचे तुकडे माळ्यावर टाकायचे. त्या दिवशी उजळणी दुप्पट झाली. लग्नातल्या डीजेत, पाहुण्यांच्या गलक्यात तो त्या आकड्यांनाच धरून उभा असतो. उजळणी वाढली की आधी आजूबाजूला काय चाललंय ते बघावं, मग पोराला बोलावं.

ताईने भिंतीवर चित्रं लावली: हातपाय धुणं, दूध, अभ्यास, मग सळई, मग जेवण. वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी सांगायचं. उभ्या ट्रकजवळ एकट्याने जायचं नाही, यात सूट नाही. आणि शिक्षा म्हणून सळईची वेळ कापायची नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात शहाणी वाटते, आणि पाळायला सगळ्यात अवघडही.

याच गावात बद्रीनारायण बारवाले बियाण्यांच्या मागे लागले, १९६४ साली त्यांनी महिको काढली, १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. मोठ्यांच्या ध्यासाचं गाव कौतुक करतं. आमचा पोरगा पुढे कारखानदार होईल, असं मात्र मी म्हणणार नाही. आवडीतून पैसा निघणार असेल तरच ती चालवून घ्यायची, हा हिशेब लहान पोराला कशाला लावायचा?

सध्या ताई त्याला एवढंच शिकवतेय, की आपलं एक सांगून झालं की समोरच्याला एक विचारायचं. परवा घरी आलेल्या काकांना त्याने दहा एमएमचं वजन सांगितलं, थांबला, आईकडे बघितलं आणि विचारलं, "काका, तुमच्या स्लॅबला कितीची सळई टाकली?"

काकांना माहीत नव्हतं. त्यांनी ठेकेदाराला फोन लावला.