अरण्याची सनद

आल्बनी, न्यूयॉर्क

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. डोंगरावरचे अरण्य कायमचे राखावयाचे आणि त्यातच श्वापदांना आसरा, माणसांना विरंगुळा व वखारींना लाकूड मिळावयाचे, ही तीन कलमे एका सनदेत नांदतील काय, असे तू विचारतोस. त्यावर या राज्याच्या उत्तरेकडील अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वताचा दाखला देतो.

लाकडासाठी आणि कातडी कमावण्यास लागणाऱ्या हेमलॉकच्या सालीसाठी हे डोंगर उघडे पडू लागले, तेव्हा हडसन नदीचे व ईरी कालव्याचे पाणी आटेल या धास्तीने शहरांतले व्यापारीही जागे झाले आणि १८८५ साली तेथील सरकारी जमीन कायद्याने राखीव ठरली. परंतु १८९३ साली राज्याच्या कायदेमंडळानेच तिच्यावरील लाकूड विकण्याची मुभा दिली, तेव्हा लोकांनी दुसऱ्याच वर्षी राज्याच्या घटनेतच कलम घातले की, ही भूमी सदैव वन्य राहील व तिच्यावरचे झाड विकले वा तोडले जाणार नाही. हे कलम बदलावयाचे, तर लागोपाठ निवडून आलेल्या दोन कायदेमंडळांची मंजुरी आणि त्यावर मतदारांचा कौल लागतो. १९४१ साली व्हाइटफेस शिखरावर बर्फावरून घसरण्याच्या खेळाच्या वाटा आखण्यासाठी आणि १९५९ साली महामार्गाच्या पट्टीसाठीसुद्धा असा कौल घ्यावा लागला.

मग लाकूड कोठून? सुमारे साठ लाख एकरांच्या या उद्यानात जवळजवळ निम्मी जमीन आजही खाजगी आहे. तिथला एखादा मालक आपली मालकी राखून, जमिनीचे तुकडे पाडण्याचा व तीवर घरे उठविण्याचा हक्क तेवढा राज्यास कायमचा विकतो. करार जमिनीलाच जडतो, म्हणून पुढचा खरेदीदारही त्याने बांधला जातो, आणि नियमांत राहून लाकूडतोड मात्र चालू राहते. २००७ साली नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने फिंच प्रुइन या कागद कंपनीची सुमारे १,६१,००० एकर जमीन घेतली. तिचा मोठा भाग पुढे याच रीतीने राखला गेला.

आता तुझा आक्षेप: उद्याच्या पिढीचे हात आज बांधण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? तो रास्त आहे. पण जुने अरण्य एकदा तोडून टाकल्यावर त्या पिढीपुढे निवडच उरत नाही, आणि घटनेतल्या कलमाविरुद्ध तिला निदान मत देता येते. माझ्या मते कायमपणाचे मर्म एवढेच की, अपवाद करावयाचा तर तो उजेडात, सर्वांच्या साक्षीने आणि सावकाश करावा लागावा.

तू वकिलीचा अभ्यास करतोस. वनरक्षणाचा मसुदा कधी हातात आला, तर त्यातली उदात्त प्रस्तावना शेवटी वाच. आधी शोध की, तो रद्द करावयाचा असल्यास किती जणांच्या सह्या लागतात.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
मामा