हिंगोलीचा दसरा आणि एकच भिंग

प्रवासाला निघताना सामान किती घ्यावे याविषयी आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एक माझा आणि दुसरा ज्यांना ते सामान उचलावे लागते त्यांचा. गेल्या वर्षी नवरात्रात हिंगोलीला आत्याकडे जायचे ठरले तेव्हा हा जुना वाद नव्याने पेटला आणि त्याला निमित्त झाली माझी कॅमेऱ्याची पिशवी. "तीन-तीन भिंगे कशाला? आत्याकडे चाललोय, लढाईवर नव्हे," असे हे म्हणाले. त्यांचे चूक नव्हते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला फोटोंचा छंद लागला आणि त्याच सुमारास पाठदुखीही लागली.

त्यातच आतेभावाचा फोन आला. "ताई, येताना कॅमेरा आण. आईचा एक चांगला फोटो काढ. आधार कार्डावरचा सोडला तर तिचा एकटीचा फोटोच नाही घरात." आत्याला शहाऐंशी वर्षे पूर्ण झालेली. फोटो कशासाठी हवा हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

भांडण मिटवले माझ्या भाच्याने. त्याने आपले 18 ते 200 मिलिमीटरचे झूम भिंग आणून दिले. "मावशी, असलंच एक घ्यायचं तुझ्या मनात आहे ना? मग पैसे मोजायच्या आधी आठ दिवस वापरून बघ." नवे पातेलेसुद्धा वाजवून घेणाऱ्या बाईला हा सल्ला पटायला वेळ लागला नाही.

या आकड्यांना वाचकांनी भिण्याचे कारण नाही. आकडा लहान तितका देखावा रुंद. आकडा मोठा तितकी लांबची वस्तू जवळ. अठरावर अंगणासकट अख्खा वाडा मावतो, दोनशेवर त्याच वाड्याच्या माळवदावर बसलेला कावळा. ही दोन टोके एकाच नळीत बसवायला माणसाला पुष्कळ वर्षे खर्चावी लागली. साध्या कॅमेऱ्याचे पहिले झूम भिंग फोइग्टलँडर कंपनीने 1959 साली आणले, त्याचे नाव 'झूमर'. त्याची धाव 36 पासून 82 पर्यंतच होती. 1992 साली टॅमरॉनचे 28 ते 200 आले, 2005 मध्ये निकॉनने डिजिटल कॅमेऱ्यासाठी 18 ते 200 काढले आणि 2017 मध्ये टॅमरॉनने थेट 18 ते 400 पर्यंत मजल मारली. ते शेवटचे मी दुकानात हातात घेऊन पाहिले होते. वजन सातशे ग्रॅमच्या वर. हातात धरल्या धरल्या पाठीने नकार कळवला.

दुकानदार आपल्याला हे मोठे आकडे मोठ्या आवाजात सांगतो. दुसरे आकडे, म्हणजे 3.5 ते 5.6, भिंगाच्या तोंडाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असतात आणि ते सहसा कोणी वाचून दाखवत नाही. भिंगाचे बुबूळ किती मोठे उघडते ते हे आकडे सांगतात. इथे मात्र उलटा न्याय : आकडा लहान तितका उजेड जास्त. अठरापासून दोनशेपर्यंत जाता जाता आत येणारा उजेड निम्म्याहूनही कमी होतो. माझ्याकडे 50 मिलिमीटरचे एक जुने भिंग आहे, 1.8 चे, वजन पावशेरही नाही. ते पुढे-मागे होत नाही, म्हणून त्याला कपाटात ठेवून निघाले. एकात सगळे आले म्हटल्यावर त्याची काय गरज?

हिंगोली हा परभणीतून 1 मे 1999 रोजी वेगळा झालेला लहानसा जिल्हा. रेल्वेच्या स्टेशनावर अजून 'हिंगोली डेक्कन' अशी निजामी आठवणीची पाटी आहे. बाहेर पडल्यावर ऑक्टोबरातला तो प्रदेश पाहून मला फार बरे वाटले. हळदीची कमरेएवढी हिरवी शेते, मधूनच सोयाबीनची मळणी चाललेली आणि यंत्रातून उडणाऱ्या भुसकटाचा पिवळा ढग थेट रस्त्यावर आलेला. त्या ढगातून जाताना भाच्याला मी मनोमन दुवा दिला. अशा जागी भिंग काढून दुसरे लावायचे म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात धूळ जायला दार उघडून देणेच; मग पुढच्या प्रत्येक फोटोत आभाळावर काळे ठिपके.

दुसऱ्या दिवशी औंढा नागनाथ. हिंगोलीहून तासाभराच्या आतली वाट. देवळाचा खालचा भाग यादवकाळातला, काळ्या दगडाचा आणि मूर्तींनी नुसता फुललेला. वरचे बांधकाम पुढच्या काळातले, साधे. जणू पैठणीवर साधा पांढरा सदरा घातला आहे. नंदी मागच्या बाजूला असण्याची कथा तिथे प्रत्येकजण सांगतो : नामदेवांना मागे जाऊन कीर्तन करायला लावले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. हे म्हणाले, "तुझ्या भिंगापेक्षा देवळाचीच फिरण्याची सोय चांगली."

भिंगाने तिथे खरोखर चाकरी केली. आवारात मागे सरकायला जागा अपुरी पडली की अठरा. उंचावरच्या एखाद्या नर्तकीच्या पैंजणांसाठी दोनशे. एक खोड मात्र दिसली. हेमाडपंती देवळाचे थर म्हणजे ओळंब्यातले काम, पण अठरावर काढलेल्या फोटोत ते मध्यभागी पोट सुटल्यासारखे फुगले होते. घरी संगणकावर एक कळ दाबली की थर सरळ होतात, म्हणून ही खोड मी माफ केली. गाभारा जमिनीखाली, वाकून, उतरून जावे लागते. तिथे कॅमेरा पिशवीत आणि हात जोडलेले.

औंढ्याजवळच दुधाळ्याच्या शिवारात 'लायगो' नावाची प्रचंड वेधशाळा उभी राहायची आहे. 2023 साली केंद्र सरकारने तिला 2600 कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. त्यांतून लेसरचा किरण धावणार आणि दूर अवकाशातल्या कृष्णविवरांच्या टकरीने उठलेले तरंग टिपणार. एवढा पैसा, एवढी जमीन आणि काम एकच. नाहीतर माझी हौस : एकाच नळीत देऊळही हवे आणि पैंजणही.

नामदेवांच्या नरसीला धावती भेट झाली. कयाधूकाठचे गाव. त्यांची 61 पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे पंजाबातून शीख यात्रेकरू इथे येतात. वारकरी पागोट्यांशेजारी निळ्या-केशरी पगड्या अशी एक सुंदर चौकट मला मिळाली. पन्नासच्या आसपास, कोणाच्या अंगावर न जाता.

दसऱ्याच्या रात्री रामलीला मैदानावर आम्ही गर्दीच्या पार मागच्या टोकाला. रंगमंचावरची पात्रे दोनशेवर जवळ आली खरी, पण उजेड तोकडा. हनुमंताची उडी म्हणजे नुसता शेंदरी फराटा. रावण पेटला तेव्हा मात्र त्याने स्वतःच स्वतःचा उजेड पुरवला आणि ज्वाळांतल्या दहाही तोंडांचा लख्ख फोटो निघाला. दुष्टांचे फोटो नेहमीच चांगले येतात.

राहता राहिली आत्या. मी मनात चित्र धरून गेले होते : संध्याकाळी देवघराच्या उंबऱ्याशी समईच्या उजेडात जपमाळ ओढणारी आत्या. वाड्याच्या भिंती हातभर जाड, देवघराला खिडकी नाही. पन्नासवर आणले तर या भिंगाचे बुबूळ पाचाच्या पलीकडे उघडेना. म्हणजे घरी कपाटात ठेवून आलेल्या भिंगाच्या साधारण आठवा हिस्सा उजेड. शटर सेकंदाचा पंधरावा हिस्सा उघडे राहू लागले. भिंगात हाताचा कंप थोपवण्याची सोय होती आणि माझा हात तिने थोपवलाही. देव्हारा, समई, उंबरा, सगळे स्वच्छ. पण वयोमानाने आत्याची मान सतत किंचित हलते, 'नाही नाही' म्हटल्यासारखी. तो कंप थोपवणारे भिंग नाही. त्याला शटर झटकन मिटायला हवे आणि शटर झटकन मिटायला उजेड हवा. तीस-चाळीस फोटो काढले. प्रत्येकात समई रेखीव आणि आत्याचा चेहरा धुक्यातला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या पावशेरभर भिंगासाठी पाठीची सबब सांगितली होती. आता ते पाचशे किलोमीटरांवर कपाटात होते आणि आत्याला पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबायला सांगणे माझ्या हातात नव्हते.

सकाळी आतेभावाने आणि यांनी मिळून बाज ओसरीच्या दाराशी ओढली. आत्या कुरकुरली, "कामून ओढायलात? देव तिकडं हाय." पण बसली. दारातून पूर्वेचा मऊ उजेड तिच्या डाव्या गालावर पडला. वहिनींनी हातात जपमाळ दिली आणि शटर सेकंदाच्या दोनशेव्या हिश्श्यात मिटले. सुरकुती न् सुरकुती आली. समई नाही.

पुण्यात परतल्यावर मी एक उद्योग केला, तो भिंग घ्यायच्या आधी प्रत्येकाने करावा. कोणता फोटो किती मिलिमीटरवर काढला याची नोंद डिजिटल फोटोत आपोआप असते. चारशेच्या आसपास फोटो होते. त्यांतले निम्म्याहून अधिक पस्तीसच्या आतले. दीडशेच्या पुढे मी गेले होते ती फक्त औंढ्याच्या मूर्तींसाठी आणि रामलीलेसाठी. मग मी माझ्या कॅमेऱ्याला बसणारे 18 ते 140 घेतले, जुन्या बाजारातले, घासून-पारखून. उरलेल्या साठ मिलिमीटरांसाठी दहा पावले पुढे चालेन. आणि पन्नासचे भिंग आता यांच्या कोटाच्या खिशात प्रवास करते; त्याबद्दल तक्रार आलेली नाही.

दिवाळीत फोटो मोठा करून, चौकट लावून हिंगोलीला पाठवला. आतेभावाने तो गुपचूप कपाटात ठेवायला घेतला होता, पण आत्याने पाहिला. फोनवर मला म्हणाली, "अगं माय, ही तर माझी आई दिसायली." आणि मग मुलाकडे वळून, "ठेवायलास कुठं? लाव की भितीला. मला बघू दे."

ओसरीवर लावला आहे. ती रोज त्याच्याखाली बसते.