कानांनी वाचताना

धर्मगुरूच्या आयुष्यात वाचनाला रजा नसते. पहाटेची प्रार्थना, मिस्साची वाचने, प्रवचनाची तयारी. दिवस अक्षरांतच उगवतो आणि अक्षरांतच मावळतो. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी नेत्रतज्ज्ञांनी 'काचबिंदू' हा शब्द उच्चारला, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न उभा राहिला तो पुस्तकांचा. या आजारात गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली राखायची असते. उजवा डोळा साथ देतो आहे तोवरच कानांनी वाचायला शिकावे, असे मी ठरवले.

धर्मग्रामातील एका तरुणाने माझ्या जुन्या संगणकावर दोन गोष्टी बसवून दिल्या. एक, पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर. दुसरी, 'लिंक्स' नावाचा ब्राउझर. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात १९९२ च्या सुमारास तो जन्माला आला आणि आजही वापरात आहे. चित्रे, रंग, नाचणाऱ्या जाहिराती यांतले काहीही तो दाखवीत नाही. केवळ अक्षरे दाखवतो. माउसची गरज नाही. खालचा बाण दाबला की पुढचा दुवा, उजवा दाबला की ते पान उघडते, डावा दाबला की आपण मागे येतो.

डोळा पानावर हवा तेथे उतरतो. कान मात्र रांगेतून चालतो. बातमीपर्यंत पोहोचण्याआधी चाळीस-पन्नास दुव्यांची नामावळी ऐकावी लागते, तेव्हा संयमाची कसोटी लागते. (पुढे समजले की तिरकी रेघ दाबून शब्द लिहिला तर थेट तेथे उडी मारता येते!) यंत्राचे मराठीही प्रथम हसू आणते, जोडाक्षरांशी त्याचे भांडण आहे. पण आठवड्याभरात कान सरावतो आणि आवाज मागे पडून अर्थ पुढे येतो. ओठ न हलविता वाचणाऱ्या संत ॲम्ब्रोजचे संत ऑगस्टीनला नवल वाटले होते; त्याने ते 'कन्फेशन्स'मध्ये नोंदवून ठेवले आहे. माझे वाचन जणू त्याच्याही मागे गेले.

या शोधात मला टी. व्ही. रामन यांची ओळख झाली. काचबिंदूनेच वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. ज्या पुण्यात मी सेमिनरीत ईशज्ञान शिकलो, त्याच पुण्याच्या विद्यापीठातून ते गणिताचे पदवीधर झाले. गणिताची सूत्रे ऐकू यावीत यासाठी त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात प्रबंध लिहिला आणि १९९५ मध्ये 'ईमॅक्स्पीक' ही बोलकी प्रणाली जगाला विनामूल्य दिली. दुसऱ्याने वाचून दाखवावे म्हणून ते थांबले नाहीत. पत्र कोणाचेही असो, ते आधी आपल्यालाच कळावे, ही इच्छा किती साधी आणि किती मोठी आहे, हे आता मला समजते.

लिंक्सने सर्व कामे होतात असे मात्र नाही. आजची पुष्कळ पाने जावास्क्रिप्टवर उभी असतात. ती लिंक्समध्ये कोरीच राहतात. एका कार्यालयाचा अर्ज भरताना चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहा, असे मला सांगण्यात आले. अंध माणसाने ती कशी ओळखावी? अशा कामांसाठी नेहमीचा ब्राउझर आणि २००६ पासून विनामूल्य मिळणारा 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर अधिक उपयोगी पडतो.

आपल्या मराठीची गोष्ट याहून खेदाची आहे. जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये घडविलेली कित्येक पाने डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतात. पण त्यांच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. यंत्र तीच वाचते, आणि कानावर पडतो तो निव्वळ गोंधळ. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी तेवढे बोलते. आणि मृत्यूची वार्ता, लग्नाचे आमंत्रण, मिस्साच्या वेळा हे सर्व आपण हल्ली चित्र करून पाठवतो. ते तर पूर्ण मुके.

गेल्या महिन्यापासून आमच्या धर्मग्रामाचे पत्रक युनिकोडमध्ये निघते. संगणकावरील प्रतीत प्रत्येक छायाचित्रासोबत त्याचे वर्णन लिहावे, असे मी तरुणांना सांगितले. पहिल्या अंकात त्यांनी सगळीकडे 'फोटो' एवढेच लिहिले होते. मी तो परत पाठवला. दुसऱ्या खेपेस ऐकू आले: 'पहिला ख्रिस्तप्रसाद घेणारी अकरा मुले, मागे शिक्षिका, एक मुलगा जांभई देत आहे.'