डाव्या हाताची बाराखडी

दुर्गाघाटावरच्या आमच्या घराच्या माडीवर एक शिसवी पेटी आहे. तिच्यात लाल बासनांत बांधलेल्या सात वह्या आहेत. आमचे पूर्वज देशावरून आणि कोकणातून काशीस येणाऱ्या यात्रेकरूंचे तीर्थोपाध्ये. यजमान आला की त्याचे गाव, त्याचे आणि वाडवडिलांचे नाव, कोणाच्या अस्थी आणल्या, तिथी कोणती, एवढे वहीत नोंदले जाई आणि खाली त्याची सही होई. काशीतल्या मराठी माणसाची मोठी स्मरणे सर्वांना ठाऊक असतात. एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये येथेच पूर्ण केले, शिवराज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये गागाभट्ट येथूनच रायगडी गेले. आमच्या वह्यांत मात्र असे कोणी नाही. तेथे आहेत ते एरवी कोठेच न नोंदलेले लोक: एखादा परीट, एखादी विधवा, बैल विकून यात्रेस आलेला एखादा शेतकरी.

या नोंदींचा मोठा भाग मोडीत आहे. घरात मोडी वाचणारे एकटे अण्णा. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या देवनागरीत उतरवून काढण्याचे काम हाती घेतले आणि त्यासाठी साठी उलटल्यावर ते संगणकावर मराठी लिहायला शिकले. त्यांनी निवडला तो इन्स्क्रिप्टचा कळफलक. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८०च्या दशकात तो सिद्ध केला आणि १९९१च्या भारतीय मानकात त्याचा समावेश झाला. अण्णा जन्मभर संस्कृत शिकवलेले, त्यामुळे त्याची मांडणी त्यांना पहिल्याच दिवशी आवडली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक सगळी उजव्या हाताला. क आणि ख एका कळीवर, ग आणि घ दुसऱ्या. "पाणिनीला दाखवला असता तरी त्याने नाक मुरडले नसते," असे ते म्हणत. डोळे वहीवर आणि बोटे कळांवर, अशा रीतीने त्यांनी चार वह्या पुऱ्या केल्या.

२०२२च्या माघात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बुद्धी शाबूत राहिली, पण उजवा हात गेला आणि वाणी जड झाली. त्यांचे बोलणे आम्हालाच कष्टाने कळे, मग यंत्राला सांगून लिहवून घेणे दूरच. चैत्रात ते पुन्हा संगणकापुढे बसू लागले. मला वाटले, विरंगुळा म्हणून बसतात. एके रात्री संगणक बंद करताना मी त्यांचे पान उघडून पाहिले. त्यावर एवढेच शब्द होते: मन. मान. मौन. नाव. वन. नवमी. मानव. ऊन. आई.

मी बराच वेळ त्या शब्दांकडे पाहत राहिलो. एखादी कविता असावी, असेही क्षणभर वाटले. मग कळफलकाकडे नजर गेली आणि उलगडा झाला. डाव्या हाताच्या वाट्याला बहुतेक सगळे स्वर आले होते, पण व्यंजने मात्र खालच्या ओळीतल्या तीनच कळांवरची: म, ण, न आणि व. आपल्या उरलेल्या हाताला कोणते शब्द लिहिता येतात, याचा हिशेब त्या संस्कृत शिक्षकाने मांडून पाहिला होता. उजवा हात गेला तेव्हा त्यांच्याकडून व्यंजनेच गेली होती.

डावा हात उजवीकडे नेऊन एकेक कळ शोधता येते, हे खरे. त्यांनी तोही यत्न केला होता. पण मग डोळे कळांवर ठेवावे लागत, तेवढ्यात वहीतली ओळ हरवे. मोडी तर अखंड शिरोरेषेखाली धावणारी लिपी. शब्द कोठे संपला, हेही वाचणाऱ्यानेच ठरवायचे. तेथून नजर एकदा सुटली की पुन्हा जागा सापडायला वेळ लागे.

मी व्यवसायाने विज्ञानाचा शिक्षक. लहानपणी जुने रेडिओ उघडण्याचा नाद होता. तो नाद या निमित्ताने परत आला. वाचता वाचता कळले की एका हाताने लिहिण्याचा प्रश्न इतरांनाही पडलेला आहे. एडगर मटायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अशी कल्पना मांडली होती, की अंगठ्याने जागा सोडण्याची कळ दाबून धरली की कळफलकाच्या एका अर्ध्यावर दुसरा अर्धा आरशातल्यासारखा उमटावा. उजव्या तर्जनीचे अक्षर डाव्या तर्जनीला, करंगळीचे करंगळीला. हाताची सवय आरशातून पलीकडे जाते, असा त्यांचा अनुभव होता. म्हणजे अण्णांना नवे काही पाठ करायचे नव्हते. उजव्या हाताचे ज्ञान डाव्या हाताने उचलायचे होते.

विकतच्या वस्तूंत मला हवा तसा मिळेना, म्हणून तो घरीच करायचे ठरवले. सत्तावीस कळा: सहा स्तंभांच्या चार ओळी आणि अंगठ्यासाठी तीन. प्रत्येक कळीला स्वतंत्र तार द्यावी तर सत्तावीस तारा होतात. म्हणून उभ्या आणि आडव्या तारांची जाळी विणतात आणि प्रत्येक छेदावर एक कळ बसवतात. सहा उभ्या, पाच आडव्या, अशा अकरा तारांत काम भागते. मेंदूचे काम करणारी चिप एकेका तारेला वीज देऊन पाहते, की ती कोणत्या आडव्या तारेतून परत येते. पीलीकोठीच्या गल्लीतून जाताना हातमागावर टांगलेली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मी जन्मभर पाहत आलो आहे. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे नाही. माझ्या जाळीचे तत्त्व मला त्या मागाने आधीच शिकवून ठेवले होते.

या जाळीत एक खोट असते. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या गेल्या, तर चौथी न दाबताच दाबल्यासारखी भासते. म्हणून प्रत्येक कळीमागे एक डायोड लावतात, म्हणजे वीज एकाच दिशेने जाते. मी माडीवर बसून सत्तावीस डायोडांना डाख दिला आणि एक अख्खी ओळ उलटी बसवली. त्या ओळीतून अक्षर येईना. दोन रात्री मी आज्ञावलीत चूक शोधत होतो. तिसऱ्या दिवशी अण्णांनी भिंग मागितले, फलक न्याहाळला आणि डाव्या हाताने डायोडांवरच्या काळ्या रेघांकडे बोट केले. एका ओळीतल्या रेघा इतरांच्या विरुद्ध बाजूला होत्या. मोडी वाचणाऱ्या डोळ्याला ते लगेच दिसले होते.

कळांच्या बाबतीतही माझा अंदाज चुकला. हात दुबळा आहे, तर स्प्रिंग हलकी हवी, असे समजून मी पस्तीस ग्रॅम वजनाने दबणाऱ्या कळा बसवल्या. पण अण्णांना विसाव्यासाठी बोटे कळांवर टेकवावी लागत आणि टेकताच अक्षरे उमटत. शेवटी साठ ग्रॅमच्या आसपासच्या, मध्यावर बोटाला किंचित अडथळा देणाऱ्या कळा घातल्या. अक्षर उमटले, हे त्यांच्या बोटाला न पाहता कळू लागले. हलकेपणा म्हणजे सोय, हा माझा समज होता. त्यांना हवा होता तो आधार.

कळफलक मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचे, तर तारेची अडचण होती. साध्या कळफलकाची तार ओढली जाऊन तो एकदा खाली पडलाही होता. म्हणून हा बिनतारी केला. आतली चिप एका नॉर्वेजियन कंपनीची आहे आणि ती ब्लूटूथने बोलते. हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून आलेले आहे, आणि त्याची खूण म्हणजे रून लिपीतली दोन आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली. हे सांगितल्यावर अण्णांनी ती खूण बराच वेळ निरखली आणि जड जिभेने म्हणाले, "म्हणजे त्यांचीही मोडी."

पेटी धातूची केली तर बिनतारी लहरी अडतात, म्हणून ती लाकडाची हवी होती. काशीच्या लाकडी खेळण्यांचे कारागीर खोजवाँ भागात आहेत. त्यांतल्या एकाने ती करून दिली. अंगठ्याच्या तीन टोप्या त्याने चरकावर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून रंगवल्या. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडात मुरते. आरशाच्या कळीचा रंग लाल.

श्रावणात अण्णांनी त्यावर पहिला शब्द लिहिला. लाल कळ धरून क, मग आ-ची मात्रा, मग श, मग दीर्घ ई-ची मात्रा. पडद्यावर आले: "कासी". पुन्हा लिहिले, पुन्हा "कासी". श आणि स एकाच कळीवर असतात. श हवा असेल तर आधी शिफ्टची कळ एकदा दाबून सोडायची, ती पुढच्या अक्षरापर्यंत टिकते, अशी सोय मी केली होती. पण मूळ आज्ञावलीत या टिकण्याची मुदत एक सेकंदाची होती, आणि अण्णांच्या बोटाला पुढच्या कळीपर्यंत पोचायला त्याहून अधिक वेळ लागत होता. मी ओशाळलो. अण्णा मात्र आजारपणानंतर प्रथमच खळखळून हसले. घाटावरचा मल्लाह कासीच म्हणतो, मग यंत्रही येथलेच झाले, असे त्यांनी खुणेने आणि अर्ध्या शब्दांनी सुचवले.

मी ती मुदत दहा सेकंदांवर नेली. कळ दाबताना धातूचे टोक काही सहस्रांश सेकंद थरथरते, आणि ती थरथर मोजू नये म्हणून यंत्र पाच सहस्रांश सेकंद थांबते. हाताच्या कंपाने अक्षर दोनदा उमटू लागले, तेव्हा हे थांबणेही मी वाढवत नेले. त्या एका सेकंदाने मात्र मला लाज आणली. ज्याने कोणी तो आकडा ठरवला, त्याच्यापुढे एक निरोगी हात होता. माझ्या डोळ्यांपुढे रोज अण्णांचा हात होता, तरी तो आकडा मी न तपासता स्वीकारला होता.

आता ते दिवसाला साधारण एक पान उतरवतात. पाचवी वही संपली, सहावी चालू आहे. पण या खटाटोपात एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. कळफलक अक्षर पाठवत नाही. कोणत्या जागेवरची कळ दाबली, एवढेच तो कळवतो, आणि तिचे अक्षर पलीकडे ठरते. मोडीचेही तसेच. तीत इकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा नसतो, तो वाचणाऱ्याने आपल्या ज्ञानातून भरायचा. ते भरणारे घरात अजून अण्णाच आहेत. मी त्यांना हात करून दिला, पण त्यांचा डोळा माझ्याकडे आलेला नाही.

म्हणून संध्याकाळी दिवे लागल्यावर मी त्यांच्याजवळ बसतो. वहीतली एक ओळ मी मोठ्याने वाचायची, चुकले की ते लाल कळ दाबून दुरुस्त शब्द लिहितात. काल मी एका यजमानाचे गाव "चिपळूण" वाचले. अण्णांनी मान हलवली आणि सावकाश लिहिले: "चिखली". मग माझे बोट धरून त्यांनी ते वहीतल्या ख-वर नेले.